वहिनी, घोडा डावीकडे बघत होता

वहिनी, तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. शोकसभाही उरकली. लखनौमधली झाडून सगळी मराठी मंडळी आली होती, बँकांतली, संशोधन संस्थांतली, आणि ज्यांना तू उभ्या जन्मात कधी चहाला बोलावलं नाहीस तीसुद्धा. सगळे छान बोलले. अडतिसाव्या वर्षी तू रिकिबीत पहिल्यांदा पाय ठेवलास, साठीला टेकल्यावर स्पितीत तट्टावरून हिंडलीस, जुन्या चित्रांतल्या घोड्यांवर लिहिलंस ते तसं कुणी लिहिलं नाही, वगैरे. एकाने तर तुला रणरागिणी म्हटलं. तू असतीस तर त्याला तिथल्या तिथे विचारलं असतंस, बाबा रे, कुठल्या रणात बघितलंस मला? माझी पाळी आली तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी बसून राहिले. घसा बसलेला नव्हता.

मग पुण्याहून तुझ्या प्रकाशकांचा फोन आला. पुस्तकाची नवी आवृत्ती काढतायत, शेवटी नणंदेचा लेख हवा. ‘हृद्य असं काही लिहा, घरच्या आठवणी,’ म्हणाले. निखिल समोरच बसला होता. तुझा मुलगा, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच. म्हणाला, ‘आत्या, लिख दो ना. आई को तुमसे ज़्यादा कौन जानता था?’ म्हणून लिहिते आहे. हृद्य होईलच असं नाही.

दादाची बँकेत बदली झाली म्हणून तू लखनौला आलीस. मला वनस्पतींच्या संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून मी आले आणि आलमबागेत तुमच्याच घरी राहिले. मी लग्न केलं नाही, त्यामुळे तुझ्या गळ्यात कायमची नणंद पडली. ‘लोकांच्या नणंदा चार दिवस येतात आणि भांडून जातात,’ तू शेजारणींना सांगायचीस, ‘आमच्या वन्सं भांडायला मुक्कामी आहेत.’ साठी उलटली तरी तू मला वसुधा म्हणाली नाहीस, वन्संच म्हणत राहिलीस, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं काम पानांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांचे फोटो काढायचं. कॅमेऱ्यावर हात बसलेला. तुला तेच हवं होतं. शनिवार-रविवार आणि माझी सगळी रजा तू घोड्यांच्या दावणीला बांधलीस. बटेश्वरच्या जत्रेत घोड्यांचा एक दलाल तुला ‘मैडम, दूर से देखिए’ म्हणाला, तशी तू ओढणी कमरेला खोचलीस आणि खोगीर नसलेल्या घोडीवर चढलीस. घोडी तुला घेऊन जत्रेपार गेली आणि परत आली ती एकटीच. मी बॅगा टाकून धावले. तू उसाच्या एका गाडीला टेकून बसली होतीस, कॉलरबोन मोडलेला, चेहरा पांढराफटक, आणि मला बघून पहिलं वाक्य बोललीस ते, ‘वन्सं, फोटो काढलास का?’ काढला नव्हता. त्यावरून महिनाभर तुझी बोलणी खाल्ली. पण खरं सांगते, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते होते. तू नसतीस तर मी पानं कापत म्हातारी झाले असते आणि मला त्याचं वाईटही वाटलं नसतं.

चित्र बघायला तूच शिकवलंस. चितारी घोड्याजवळ उभा राहिला होता की ऐकीव माहितीवर रंगवत होता, हे तू कानांवरून सांगायचीस. जुनी माणसं घोडा घेताना त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघत, कुठला शुभ, कुठला घातकी. त्यामुळे जाणता चितारी खऱ्या घोड्याचे भोवरे जिथल्या तिथे काढायचा. दोन चित्रांतले भोवरे जुळले तर घोडा तोच, हा तुझा सिद्धांत. तुझी एक पद्धत होती. चित्रासमोर बसलीस की वहीत सगळ्यात आधी एक छोटा बाण काढायचीस, घोड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याचा. मग कान, मग भोवरे, मग पाय. जागेवर सगळं पेन्सिलनं, घरी येऊन विचार केल्यावर जे सुचेल ते शाईनं.

आता जुन्या लखनौतल्या चौक मोहल्ल्यातली ती सकाळ. मिर्झासाहेबांचं खातं दादाच्या शाखेत होतं, त्या ओळखीवर आपल्याला त्यांच्या घरात प्रवेश मिळाला. खालच्या मजल्यावर चिकनचं भरतकाम चाललेलं, वर एका पेटीत घोड्यांची आठ जुनी चित्रं. मिर्झासाहेब एकेक चित्र मलमलीतून काढून तुझ्यासमोर ठेवत होते, तू लिहून घेत होतीस, मग ते चित्र अंगणात माझ्याकडे यायचं. मला उन्हाची काळजी. दीड तासात आठ चित्रं घ्यायची होती. मी घोडे बघितलेच नाहीत, वहिनी, मी उजेड बघितला. आत तुमचं काय बोलणं चाललंय याकडेही माझं लक्ष नव्हतं.

स्लाइड्स धुऊन आल्या त्या मी घरी चौकटीत बसवल्या. आठातली एक उलटी बसली. फिल्मची मंद बाजू कुठली आणि चकचकीत कुठली, हे मला झोपेतही कळायला हवं होतं, पण बसली. चित्रावर एखादं अक्षर असतं तर ते उलटं दिसलं असतं आणि चूक तिथेच कळली असती. एकही अक्षर नव्हतं. नुसता काळापांढरा अबलख घोडा आणि त्याचा लगाम धरून उभा असलेला माणूस.

त्या एका स्लाइडवर तू नाव काढलंस. कोल्हापूरकडे एका जुन्या घराण्यात तू आधी एक चित्र बघितलं होतंस, उजवीकडे तोंड केलेला अबलख, मानेच्या उजव्या अंगाला भोवरा. माझ्या स्लाइडमध्येही तस्साच घोडा, तस्साच भोवरा, तिथेच. शिवाय लगाम धरणाऱ्याचा अंगरखा डाव्या बगलेखाली बांधलेला. जुन्या चित्रांत ती हिंदूची खूण, उजवीकडे बांधला तर मुसलमान. झालं. कोल्हापूरच्या सरदारानं हा घोडा नवाबाला नजराणा पाठवला, आणि त्याच्याबरोबर त्याची देखभाल करणारा मोतद्दारही इथवर चालत आला, असं तू मांडलंस. आणि त्या मोतद्दारावर एक सबंध प्रकरण लिहिलंस. परक्या मुलखात त्याचं बोलणं कुणाला कळत नाही, म्हणून तो तबेल्यात घोड्याशीच मराठीत बोलतो. घोडा मरतो त्या दिवसापासून तो बोलतच नाही. ते प्रकरण वाचून लोक रडले. पत्रं आली, पुरस्कार आला. मीही रडले होते. कारण तो मोतद्दार कोण होता हे मला कळत होतं. पहिली दहा वर्षं आलमबागेच्या भाजीवाल्याशी ‘भैया, कांदा दे ना’ असं अर्धं अर्धं बोलणारी तूच होतीस ती.

पुस्तक निघून चार वर्षं झाली तरी तू मिर्झासाहेबांना प्रत दिली नव्हतीस. ‘देऊ गं, काय घाई आहे?’ शेवटी मीच एक प्रत घेऊन गेले. त्यांनी चित्राचं पान उघडलं, बराच वेळ बघितलं. मग उठून पेटीतून मूळ चित्र आणलं आणि पुस्तकाशेजारी ठेवलं.

‘बाजी,’ ताई म्हणावं तसं ते मला म्हणाले, ‘इसमें तो घोड़ा घूम गया है.’

मूळ चित्रातला घोडा डावीकडे बघत होता. भोवरा डाव्या अंगाला, अंगरखा उजव्या बगलेखाली. कोल्हापूरचा घोडा वेगळा, हा वेगळा. मिर्झासाहेबांना माझा चेहरा बघवला नसावा. ते हसले. ‘ख़ैर, घोड़ा है, घूम सकता है.’ आणि मग अगदी सहज विचारलं, ‘हमारे करम अली का ज़िक्र तो किया है ना?’

करम अली म्हणजे लगाम धरून उभा असलेला तो माणूस. नवाबाच्या तबेल्यातला साईस. मिर्झासाहेबांच्या पणजोबांचे पणजोबा. म्हणून तर ते चित्र त्या घरात होतं.

मी काय म्हणावं? मी सांगून टाकलं, ‘जी, पूरा एक बाब है उन पर,’ त्यांच्यावर एक सबंध प्रकरण आहे म्हणून. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक मलमलीत गुंडाळून त्या चित्राच्याच पेटीत ठेवलं आणि मला बळेच शीरमालाच्या गोडसर रोट्या बांधून दिल्या.

घरी येऊन मी तुझ्यासमोर ढसाढसा रडले. आठवतंय ना? तू मटार सोलत होतीस. सगळं ऐकून घेतलंस, एकही प्रश्न विचारला नाहीस. तेव्हा मला तो तुझा मोठेपणा वाटला. मग हात पुसलेस, माझ्या डोक्यावर ठेवलास आणि म्हणालीस, ‘वन्सं, चुका माणसांकडूनच व्हायच्यात. मी मनात धरत नाही. माफ केलं तुला.’ मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती छापू. तू म्हणालीस, ‘खुळी का काय तू? तुझी शास्त्राची नोकरी. बाईला स्लाइड सरळ बसवता येत नाही म्हणून बोभाटा व्हायचा. माझं काय, मी निभावून नेईन. तू कुणाला बोलू नकोस.’

म्हणजे माझ्यासाठी. माझी अब्रू राहावी म्हणून तू खोट्याचं ओझं वाहणार होतीस. मी तुझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

त्यानंतर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. तूही आग्रह केला नाहीस. दुसरे फोटोग्राफर आले, तू त्यांच्याबरोबर काठेवाडात गेलीस, स्पितीत गेलीस, मी तुझ्या प्रवासासाठी चिवडा भाजून डबे भरत राहिले. दादा एकदा म्हणाला, ‘वसू, तू का जात नाहीस आता?’ मी म्हटलं, गुडघे दुखतात. तेव्हा माझे गुडघे चांगले ठणठणीत होते. जेवताना तू घोड्यांच्या गोष्टी सांगायचीस आणि मी मान खाली घालून ऐकायचे, गुन्हेगारासारखी. एकोणीस वर्षं, वहिनी. दादा गेला त्या वर्षीसुद्धा, घरात आपण दोघीच उरलो तेव्हासुद्धा, मी तुझ्याशी वाद घालताना मध्येच थांबायचे. मनात यायचं, हिनं आपला अपराध पोटात घातलाय, हिला आपण काय बोलणार?

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास. ‘वन्सं, ती वह्यांची पेटी…’ म्हणालीस, आणि नर्सनं मास्क परत बसवला. पेटी जाळ म्हणणार होतीस की उघड म्हणणार होतीस? मी तीन आठवडे विचार केला आणि उघडली.

चौकातल्या सकाळची वही सापडायला वेळ लागला नाही. आठ चित्रं, आठ नोंदी. सहाव्या नोंदीच्या वर पेन्सिलनं काढलेला बाण, डावीकडे तोंड केलेला. खाली तुझ्या बारीक अक्षरात, ‘भोवरा मानेच्या डाव्या अंगाला. अंगरखा उजवीकडे. मि. सांगतात, साईस त्यांचा पूर्वज, करम अली.’ आणि त्याच्याखाली शाईनं दोन ओळी. ‘स्लाइड आली. व.नं उलटी बसवली आहे. राहू दे.’ त्याच शाईनं, लगेच पुढे, मोतद्दाराच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य. ‘घोड्याला नवा मुलूख कळायला महिना लागतो, माणसाला जन्म पुरत नाही.’

मी ती वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी.

तुला सगळं माहीत होतं. पुस्तक छापायच्या आधीपासून. मी समोर रडत होते तेव्हा तू मटार सोलता सोलता ठरवलंस, की हिला माफ करून टाकावं. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्यात, पण चोर डोक्यावरून हात फिरवतो हे पहिल्यांदाच बघितलं. पुस्तकात फोटोखाली तू माझं नाव घातलं नव्हतंस. तेव्हा मला राग आला होता. मग चूक कळल्यावर वाटलं, बरं झालं नाव नाही. आता काय वाटून घेऊ? मला वाचवायला गाळलंस, की कुणी मला विचारायला येऊ नये म्हणून? हे तुला विचारायचं होतं. तू नेमकी उत्तर द्यायच्या वेळी गेलीस, आणि हेसुद्धा तुझ्या स्वभावाला धरूनच झालं.

खोटं लिहिलंस याचा मला फार राग नाही. मी समजू शकते. वीस वर्षं परक्या गावात काढल्यावर आपल्या मुलखातला एक घोडा इथे येऊन गेला होता, असं तुला वाटायला हवं होतं. तेवढा मोह कुणालाही पडेल. राग आहे तो माफीचा. ती तू दिली नसतीस, नुसती चिडली असतीस, चार दिवस बोलली नसतीस, तरी मी तुझ्याबरोबर स्पितीला आले असते.

निखिलला वही दाखवली. त्यानं वाचली, चेहरा उतरला. ‘आत्या, अब जाने दो ना. आई है नहीं, मिर्झासाहेब भी नहीं रहे. किसको फ़र्क़ पड़ता है?’ मी म्हटलं, बाळा, तुझ्या पणजोबांच्या पणजोबांना कुणी दुसऱ्याच्या घरातलं करून टाकलं तर? तो म्हणाला, ‘मुझे तो उनका नाम भी नहीं पता.’ हेही खरंच.

काल मी चौकात गेले. मिर्झासाहेबांची सून नफीसा आता ते चिकनचं काम बघते. चार बायका सुया घेऊन बसल्या होत्या, तिनं त्यांना जेवायला पाठवलं. मी वही मांडीवर ठेवून सगळं सांगितलं. स्लाइड, अंगरखा, मोतद्दार, तुझी शाईची ओळ, आणि ‘पूरा एक बाब है’ हे माझं खोटं. नफीसानं सगळं ऐकून घेतलं आणि पानाचा डबा माझ्याकडे सरकवला.

‘दीदी, अब्बा को तो मालूम था.’

‘कैसे?’ मी विचारलं.

‘आपके भाई साहब ने पढ़कर सुनाया था. अब्बा ने ही बुलवाया था उन्हें, कि मैनेजर साहब, ज़रा देखिए हमारे करम अली के बारे में क्या लिखा है. यहीं तख़्त पर बैठकर सुनाया, पूरा. हिंदी में बोलते जाते थे और पसीना पोंछते जाते थे.’

‘मिर्झासाहेब क्या बोले?’

‘हँसते रहे. बोले, आपकी बेगम ने लिखा बहुत ख़ूब है, बस आदमी किसी और के घर का है. भाई साहब ने बहुत माफ़ी माँगी. अब्बा ने कहा, उनसे मत कहिएगा, शर्मिंदा होंगी.’

दादा तुला बोलला नाही. मला तर नाहीच. तुला माहीत होतं ते तू लपवलंस, मला कळलं ते मी लपवलं, आणि तो बिचारा आपल्या दोघींपासून लपवत गेला. एका जेवणाच्या टेबलावर तिघांनी एकच गोष्ट तीन ताटांत झाकून ठेवली होती. आणि दर ईदला चौकातून आपल्याकडे शेवयांचा डबा यायचा, मिर्झासाहेब जाईपर्यंत एकही वर्ष चुकला नाही. तू दोन-दोन वाट्या खायचीस आणि म्हणायचीस, ‘माणसं मोठ्या मनाची हो.’

नफीसानं पेटीतून चित्र काढून दिलं. मी अंगणात नेलं. फोनवर फोटो काढायचा होता, कॅमेरा कुठे आहे तेही मला आता आठवत नाही. आणि या वेळी मी आधी चित्र बघितलं. करम अली चांगला उंच होता, वहिनी. नाक जरासं वाकडं, आणि डोळे घोड्याकडे नाहीत, सरळ बघणाऱ्याकडे. कंटाळलेला वाटला मला. चितारी लवकर आटपेल तर बरं, असा. मला एकदम तुला हाक मारायची होती, बघ गं, हा कंटाळलाय. तू त्यावर दोन पानं लिहिली असतीस आणि ती खरी असती. तुझी फार आठवण आली आणि तुझा फार राग आला, कुठलं जास्त ते मला सांगता येणार नाही.

आज प्रकाशकांना पत्र टाकलं. फोटो सरळ छापा. त्याखाली करम अलीचं नाव घाला आणि तो कुणाचा कोण ते लिहा. मोतद्दाराचं प्रकरण काढू नका, ते उत्तम आहे, पण तो माणूस लेखिकेनं रचलेला आहे असं वर स्पष्ट लिहा. स्लाइड माझ्या हातून उलटी बसली हे लिहा, आणि लेखिकेला ते ठाऊक होतं हेही लिहा. शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा राहू दिलं. निखिल माझ्याशी बोलत नाहीये. बोलेल. त्याला माझ्या हातचा चिवडा आवडतो.

तुझी माफी मात्र मला नको, मी ती परत करते आहे. ती तुझ्याकडे द्यायला नव्हतीच, ती तुला मागायची होती, आणि मागायची जागा फार लांब नव्हती. घोड्यावरून तू पार स्पितीपर्यंत गेलीस, वहिनी. आलमबागेतून चौकात जाणं तेवढं तुला जमलं नाही.